पत्ती कुणाच्या तोंडची?

लाळेचे चार थेंब द्यायचे होते, पण त्यासाठी बळवंततात्या गुरवांनी काळा कोट घातला होता आणि फेटाही बांधला होता. डॉक्टरांनी फोन केला तेव्हा लगेच या म्हणायचं सोडून तात्यांनी पंचांग काढलं आणि आठवड्यानंतरचा चांगला दिवस दिला. आता त्यांच्या कुरुंदवाडच्या घरात, पुढच्या सोप्यावर, मिरजेच्या इस्पितळातल्या डॉक्टर फरहाना मुजावर हातमोजे चढवून बसल्या होत्या. तात्यांनी काचेची नळी दोन्ही हातांनी घेतली, डोळे मिटले आणि अशा काही गांभीर्याने थुंकले, की चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या शालनला, त्यांच्या बायकोला, त्या परिस्थितीतही हसू आवरेना.

परिस्थिती मात्र हसण्यासारखी नव्हती. तात्यांची लाडकी शिष्या अन्विता मगदूम मिरजेला इस्पितळात पडून होती. वय अठ्ठावीस. सनईवर तिच्याइतकी स्वच्छ तान घेणारं दुसरं कुणी त्या पंचक्रोशीत नव्हतं. आधी उजवा डोळा अंधुक झाला, त्याच आठवड्यात डाव्या हाताची बोटं बधिर झाली, आणि गेल्या महिन्यात चालता चालता पाय दुमडला. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. जुनी औषधं तिच्या यकृताला मानवली नव्हती. दोन झटके येऊन गेले होते, आणि तिसरा दिवाळीच्या आसपास येईल असं तिच्या रक्ताच्या तपासण्या सांगत होत्या. तो आला तर बोटं परत येण्याची आशा सोडावी लागणार होती.

"माझं चाळीसवर शिष्य हाईत, डॉक्टरीणबाई," तात्या म्हणाले. "समद्यांस्नी सनईची पत्ती मीच दिली. मग ह्या पोरीलाच कसं झालं?"

मुजावर डॉक्टर मिरजेच्या, म्हणजे वाद्यांच्या गावच्या. सनईवाल्याला कोणत्या भाषेत सांगावं हे त्यांना कळत होतं.

"असं समजा, लग्नात चोर शिरलाय," त्या म्हणाल्या. "त्यानं अबोली फेटा बांधलाय. दारावरच्या माणसांना सांगितलं, अबोली फेटा दिसला की धरा आणि बडवा. चोर कुठंतरी कोपऱ्यात जाऊन झोपला. पण मुलीच्या मामानंही अबोलीच फेटा बांधलाय."

"मग मामा मार खानार."

"तेच चाललंय. हा लाळेतून पसरणारा विषाणू आहे, एपस्टाइन-बार नावाचा. त्याच्या अंगावरचा एक तुकडा आणि आपल्या मेंदूतल्या नसांच्या आवरणाचा एक तुकडा, दोघांचा रंग जवळजवळ सारखा. अन्विताच्या शरीरातले पहारेकरी विषाणू समजून स्वतःच्याच नसांचं आवरण सोलून काढतायत. वायरीचं प्लॅस्टिक निघाल्यावर करंट जाईल का नीट?"

"पन बाकीच्यांस्नी?"

"बाकीचे तुमचे शिष्य दहा जणांत एक पेला फिरवत वाढले. हा विषाणू त्यांच्या अंगात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच आला असणार. त्या वयात शरीर फार आरडाओरडा करत नाही, त्याला ठेवून घेतं. अन्विता लहान मुलांच्या डॉक्टरांची एकुलती एक. उकळलेलं पाणी, वेगळा पेला, वेगळा चमचा. सोळा वर्षं कोरी राहिली. तुमच्याकडे आली त्या वर्षी तिला तीन आठवडे ताप होता, गळ्यात गाठी आल्या होत्या, आठवतंय? तेव्हा शिरला. मोठ्या वयात शिरला की शरीर फार चवताळतं. सगळ्यांचं असं होत नाही, जन्माची घडणही असावी लागते. तिची होती."

तात्यांनी मान खाली घातली. "म्हंजे पोरीचं दुखनंबी माझंच," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं, खरंखुरं होतं. पण शिष्येच्या अंगात आपण इतके खोलवर पोचलो आहोत याचा थोडासा अभिमानही त्यात मिसळला होता. चव्वेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला असली भेसळ लगेच कळते.

डॉक्टरांनी नळीला झाकण लावलं. "शेवटचं विचारते, तात्या. अन्विताच्या पहिल्या पत्तीला तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं तोंड लागलं होतं का?"

"आमच्या घराण्यात पत्ती गुरूनं तासायची, गुरूनं आपल्या तोंडात ओली करायची आन् तशीच शिष्याच्या तोंडात द्यायची. चार पिढ्या झाल्या. तिसऱ्याचं तोंड लागायचा प्रश्नच येत न्हाई."

शालनने ट्रे ठेवला आणि एक शब्द न बोलता आत गेली. या गप्प बसण्याबद्दल तिने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही. आपणही तिला घाईने माफ करू नये.

सनईच्या तोंडाशी ताडाच्या पानाची दुपदरी, नखाएवढी पत्ती असते. आवाज तिचा. खालचं लाकूड आणि पितळ तो आवाज फक्त मोठा करतात. कोरडी पत्ती बोलत नाही. ती लाळेत भिजवायची, ओठांत दाबायची, तासायची, पुन्हा भिजवायची, फुंकून बघायची. असं आठ-दहा दिवस केलं की तिला वळण लागतं. तात्यांच्या बोटांत सूर होता, पण धीर नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांच्या हातून एका दुपारी सात पत्त्या फाटल्या आणि ते उठून गेले. एकोणीस वर्षांच्या शालनने आठवी उचलली. दहा दिवसांनी नृसिंहवाडीला तात्या त्या पत्तीवर वाजवून आले आणि आल्यावर एवढंच म्हणाले, "आनि एक कर."

त्यानंतर घरातली प्रत्येक पत्ती मागच्या खोलीत शालनच्या तोंडात तयार झाली. नव्या शिष्याच्या दिवशी ती ओल्या फडक्यात गुंडाळून चांदीच्या डबीत ठेवायची. तात्या सगळ्यांसमोर डबी उघडायचे, पत्ती ओठांना लावायचे आणि शिष्याच्या तोंडात द्यायचे. लोकांचे डोळे भरून यायचे. शालन तेव्हा आत शिरा परतत असायची.

मूळशोध यंत्र येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्याचं तत्त्व सनईवाल्याला चटकन कळावं असं आहे. एकच चीज वीस घरांत शिकवली जाते, पण प्रत्येक घरात एखादी हरकत बदलते. जाणकार माणूस दोन ताना ऐकून सांगतो, हा अमक्याच्या तालमीतला. जन्मभर अंगात मुक्काम करणारे विषाणू असेच प्रत्येक शरीरात थोडे थोडे बदलतात. यंत्र दोघांच्या लाळेतला विषाणू अक्षर अक्षर वाचतं आणि कुणाचा कुणाकडून आला ते सांगतं.

जुनाट दुखण्यांच्या मुळाशी कधीकाळचा साधा ताप असू शकतो, हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होतं. आता तो ताप कुणी दिला तेही कळू लागलं, आणि माणसांनी त्या माहितीचं जे करायचं तेच केलं. भाऊ भावाशी बोलेनासे झाले. साखरपुड्याआधी पत्रिकेबरोबर लाळेचे अहवाल जाऊ लागले. आज्या नातवंडांचा पापा घेण्याआधी सुनेच्या तोंडाकडे बघू लागल्या. शेवटी सरकारला कायदा करावा लागला. जिच्याकडून विषाणू आला त्या मूळव्यक्तीवर खटला भरायचा नाही. मात्र तिचं नाव आणि संसर्गाची वाट नोंदवायची, आणि त्या वाटेवर जे जे असतील त्या सगळ्यांना तपासणीला बोलवायचं.

एवढा उपद्व्याप कशासाठी, तर मूळव्यक्तीकडेच औषधही असतं म्हणून. जिच्या अंगात तोच विषाणू, त्याच वळणाचा, पन्नास-साठ वर्षं शांत झोपला आहे, तिच्या रक्तात त्याला नेमकं ओळखून गप्प बसवणाऱ्या पेशी असतात. त्यांना फेट्याच्या रंगावर जावं लागत नाही, त्या चोराला तोंडावरून ओळखतात. त्या पेशी काढायच्या, तीन आठवडे वाढवायच्या आणि आजाऱ्याला द्यायच्या. दिवाळीच्या आत.

आठ दिवसांनी फोन आला. तात्या सोप्यावर होते, शालन मागच्या खोलीत. दाराला पडदा नव्हता, त्यामुळे तिने सगळं ऐकलं.

"जुळत न्हाई म्हंती," तात्या आत येऊन म्हणाले. ते खुर्चीवर बसले. सुटलो असा चेहरा झाला, आणि लगेच कुणीतरी काहीतरी काढून घेतल्यासारखाही झाला. "माझा माझ्या आईकडनं आलेला हाय म्हनं. पोरीचा येगळाच. आपल्या घरातनं न्हाई गेलं."

शालनने हातातली पत्ती खाली ठेवली. "अहो, मी जाते मिरजंला."

"कशाला?"

"कशाला ते तुमास्नी ठावं न्हाई?"

ठाऊक होतं. ते गप्प बसले यावरूनच कळत होतं, आणि शालनच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण आठ दिवस गप्प बसलो ते भीतीने, तात्यांचाच निघेल या आशेने. पण हा माणूस आत्ता, अहवाल हातात आल्यावर, सगळं जाणून, विषय मिटवून खुर्चीवर बसला होता.

"लोक काय म्हनतील?" तात्या हळू आवाजात म्हणाले. "बळवंत गुरवाच्या पत्त्या बायकू चघळती म्हनतील."

"चघळत न्हाई. घडवती."

"चार पिढ्यांचं घरानं हाय, शालन."

"आन् पोरगी एकच हाय. तिची बोटं गेली तर काय घरानं वाजवनार?"

तात्या वाटाघाट करायला बसल्यासारखे पुढे सरकले. "बरं, जा. मी आडवत न्हाई. पन वाट काय म्हनून इचारतील, तवा पत्तीचं नाव काढू नगं. तिनं तुझ्या ताटातलं उष्टं खाल्लं म्हन. दोन घास. कुनाला काय कळतंय? औषध तर तेच मिळनार."

गंमत अशी की बोलणं पटण्यासारखं होतं. औषध तेच मिळणार होतं. शालनने पिशवी भरली आणि सकाळची साडेआठची एसटी धरली.

मिरजेला डॉक्टर मुजावरांनी तिला बघितलं आणि लगेच नळी पुढे केली. अन्विताच्या विषाणूचं वाचन तयारच होतं. जुळवणीला चार तास पुरणार होते. शालन तोवर दुसऱ्या मजल्यावर गेली.

अन्विता पलंगावर बसून समोरच्या लोखंडी दांडीवर बोटं चालवत होती. उजवी बोटं चटचट पडत होती, डावी मागून येत होती. शालन दिसली तरी ती थांबली नाही, तान पुरी करूनच थांबली.

"रोज तीन तास," ती म्हणाली. "आवाज नाही म्हणून शेजारचे पेशंट खूश आहेत."

शालनला वाटेत मनाशी जुळवलेलं काहीच बोलता येईना. ती स्टुलावर बसली आणि एकदम म्हणाली, "तुझी पत्ती मी केलेली. तात्यांनी न्हवं. दहा दिवस माझ्या तोंडात हुती."

"माहीत आहे."

"काय माहीत हाय?"

"तेच. पहिल्याच दिवशी कळलं होतं, काकी. पत्तीला मिसरीचा वास होता. तात्या कुठे मिसरी लावतात?"

शालनने पाच वर्षांपूर्वी मिसरी सोडली होती. त्याआधी तीस वर्षं तिचे दात काळे होते. आता तिला असा राग आला की तिचा आवाज शेजारच्या खोलीत गेला.

"आगं भवाने, मग डॉक्टरीणबाईला सांगितलं का न्हाईस? पंधरा दीस गेलं तुझं! एवढी शिकलेली तू!"

"गुरूच्या घरातली गोष्ट. त्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय मी कशी काढणार? मला वाटलं, ते सांगतील."

"आन् तू वाट बघत बसलीस? पाय लुळा पडस्तवर?"

"तुम्ही पण नाही बोललात, काकी. सोप्यावर तुम्ही होतात. डॉक्टरांनी सांगितलं मला."

खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती काही चालू होत नव्हती. "न्हाई बोलले," शालन म्हणाली. "चुकलं माझं. आन् हे समदं माझ्याच तोंडानं झालंय, तेबी."

अन्विताने तिचा हात धरला. डाव्या हाताने धरला, त्यामुळे पकड सैल होती. "बारा वर्षं वाजवतेय मी. ते पण तुमच्याच पत्तीवर," ती म्हणाली आणि रडायला लागली. शालनही रडली. चहावाली बाई आत आली, दोघींना बघून दोन कप ठेवून निघून गेली.

दुपारी दोन वाजता यंत्राने सांगितलं ते शालनला वेगळं सांगायची गरजच नव्हती. जुळलं होतं. पेशींची जातही पुरेशी जुळत होती.

"आता नीट ऐका," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "तुमचा विषाणू झोपलेला आहे, म्हणून त्याचे पहारेकरीही थोडेच आहेत. एक डोस देऊन त्याला थोडा जागा करावा लागेल. तो हलला की पहारेकरी गोळा होतील, तेव्हा ते काढून घ्यायचे. आठवडाभर ताप येईल, घसा सुजेल. तुमचं वय त्रेसष्ट. पोटात डाव्या बाजूला पाणथरी असते, ती सुजू शकते. क्वचित फुटते. फुटली तर जीवावर बेतेल. तुम्ही नाही म्हणालात तरी कुणी दोष देणार नाही."

"क्वचित म्हंजे किती?"

"हजारात एक."

"म्हंजे नऊशे नव्व्याण्णव बऱ्या हुत्यात. टोचा."

"थांबा, आधी कागद." डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. "संसर्गाची वाट कोणती लिहू?"

ताटातले दोन घास शालनच्या जिभेवर तयार होते. ते बोलून टाकले असते तर संध्याकाळी घरी सगळं पूर्वीसारखं झालं असतं, चांदीची डबी, शिरा, सगळं. तिने विचारलं, "पत्ती लिवली तर काय हुतंय?"

"तुमच्या हातची पहिली पत्ती ज्यांना मिळाली त्या सगळ्यांना बोलवावं लागेल. बहुतेक जण लहानपणीच दुसरीकडून विषाणू घेऊन आलेले असतील, त्यांना काही नाही. पण अन्वितासारखं कोरं कुणी असेल, तर त्याच्या अंगात हे आत्ता सुरू होत असेल. सुरुवातीला कळलं तर थांबवता येतं. ताट लिहिलं तर फक्त अन्विता."

शालनने आठवून बघितलं. गेल्या चार-पाच वर्षांतले शिष्य सगळे तसलेच होते, घरून पाण्याची बाटली आणणारे, तिच्या माठातलं पाणी नको म्हणणारे. पुण्याची ती दोघं. इचलकरंजीचा तो इंजिनियर. त्याला गेल्या वर्षी तीन आठवडे ताप होता आणि तिने त्याच्यासाठी पेज करून पाठवली होती.

"पत्ती लिवा," ती म्हणाली. "आन् कागदावर आनि एक प्रश्न वाढवा. पत्ती कुनी दिली एवढंच इचारू नगा. ओली कुनी केली, ते इचारा. न्हाईतर समदी तात्यांचं नाव सांगून घरला जातील."

डॉक्टरांनी ते लगेच टाईप केलं. "किती जण असतील?"

"त्रेचाळीस."

अन्विताचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागेल. दिवाळीच्या आठ दिवस आधी तिला शालनच्या पेशी मिळाल्या. तिसरा झटका आला नाही. पाय सुधारला, डोळा बराचसा उजळला. डाव्या हाताचं एक बोट बधिर राहिलं ते राहिलंच. त्या बोटाचं काम ती शेजारच्या बोटाकडून करून घेते, आणि तिच्या ताना आता थोड्या वेगळ्या वळणाने जातात. इचलकरंजीच्या इंजिनियरच्या रक्तात सुरुवात सापडली आणि ती सुरुवातीलाच रोखली. पण त्या सगळ्याआधी तो दिवस आला, ज्याबद्दल कुरुंदवाडात अजून बोलतात.

नवरात्र चार दिवसांवर आलं होतं. डोस टोचल्याला आठवडा झाला होता आणि शालनचा ताप आदल्या दिवशी उतरला होता. पाणथरी सुजली होती, फुटली नव्हती. दुपारी बारा वाजता तिच्या पेशी काढायच्या होत्या. ती भिंतीला धरून वॉर्डाच्या दाराशी येऊन उभी राहिली, कारण समोरच्या व्हरांड्यात तिच्या पत्तीवर वाजवणारी माणसं रांगेने उभी होती. पांढऱ्या टोप्या, जीन्स, एक-दोन टाय. सगळ्यात पुढे मारुती खोत, वय पंचावन्न, तात्यांचा पहिला शिष्य.

आठवडाभरात तात्यांचा फोन आला नव्हता. शालनने केला नव्हता. येणार नाहीत असं तिने धरून ठेवलं होतं, आणि नाही आले तर काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. पण पावणेबाराला फाटकाशी रिक्षा थांबली आणि तात्या उतरले. कोट नव्हता. फेटाही नव्हता. रांग आपोआप बाजूला झाली, वाकून पायाला हात लावू लागली. शालनच्या पत्त्या रोज तात्यांच्याही तोंडात जात होत्या, त्यामुळे त्यांचीही नोंद व्हायची होती. ते सरळ खिडकीशी गेले.

काचेपलीकडच्या मुलीने वर न बघता विचारलं, "नाव?"

"बळवंत रामचंद्र गुरव."

"पहिली पत्ती कुणी दिली?"

"वडलांनी."

मुलीने टाईप केलं. पडद्यावरचा पुढचा प्रश्न वाचला. "ती ओली कुणाच्या तोंडात केली होती?"

तात्यांनी खिडकीची कड धरली. शालनला वाटलं, आता हा माणूस पुन्हा तेच म्हणेल, वडील. म्हणाला तर आपण इथूनच ओरडायचं. वडिलांचं तिला काही ठाऊक नव्हतं, पण स्वतः केलेल्या पत्त्यांचं ठाऊक होतं.

"आईच्या," तात्या म्हणाले.

"काय? काच आहे, मोठ्यानं बोला."

"आईच्या! वडलांच्या समद्या पत्त्या आईनं केल्या. मागच्या खोलीत बसून. मी ल्हानपनापासनं बघितलंय."

शालन लग्न होऊन आली त्याच्या आदल्या वर्षी सासू वारली होती. चव्वेचाळीस वर्षं तिला वाटत होतं की ही चोरी आपल्या एकटीची आहे, तात्यांच्या अब्रूखातर आपण एकटीनेच ती सांभाळली. आणि हा माणूस पहिल्या दिवसापासून, "आनि एक कर" म्हणाला त्या संध्याकाळपासून, सगळं जाणून होता. तिला भयंकर राग आला, आणि त्या रागातच तिला त्या न बघितलेल्या सासूची फार माया वाटली.

"आत्ता सांगतासा व्हय?" ती दारातून म्हणाली.

तात्या वळले. त्यांचे डोळे लाल होते. "कुनी इचारलंच न्हवतं कवा," ते म्हणाले. हे काही उत्तर नव्हे, हे त्यांनाही कळत होतं. ते खिडकीतून बाजूला झाले आणि रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभे राहिले.

"पुढचे," मुलगी म्हणाली.

मारुती खोत पुढे झाला. नाव सांगितलं, गाव सांगितलं. पहिली पत्ती? तात्यांनी. ओली कुणाच्या तोंडात केली?

मारुतीने तात्यांकडे बघितलं नाही. "काकींच्या," तो म्हणाला. "समद्यांस्नी ठावं हाय ते. वास यायचा."

मागून कुणीतरी हुंकार दिला. आणखी दोघा-तिघांनी माना हलवल्या.

"काकी म्हणजे कोण? असं चालत नाही. पूर्ण नाव सांगा."

मारुतीला ते ठाऊक नव्हतं. तीस वर्षं तो त्या घरी जेवला होता. त्याने मागच्याला विचारलं, मागच्याने त्याच्या मागच्याला. प्रश्न रांगेतून सरकत गेला, पुण्याच्या दोघांपर्यंत, इचलकरंजीच्या इंजिनियरपर्यंत, आणि प्रत्येक जण मान हलवून मागे बघू लागला. काकी म्हणजे काकी. शेवटी उभ्या तात्यांनी बोलायला तोंड उघडलं.

"तुमी थांबा," शालन म्हणाली.

ती भिंत सोडून चालत खिडकीशी आली. मारुती बाजूला झाला. आतून परिचारिका बारा वाजल्याचं सांगत तिला बोलवत होती, तिला तिने हाताने थांबवलं.

"शालन बळवंत गुरव," ती काचेला तोंड लावून म्हणाली. "आता खालच्या समद्यांच्या म्होरं हेच लिवत जा. आन् पोरास्नी परत परत इचारू नगा, त्यास्नी घरला जायाचंय."

मग ती आत गेली आणि पलंगावर आडवी होऊन तिने दंड उघडा केला.